आईच्या स्मरणाच्या मिस्सेत चार मिनिटं काय बोलू?

निळीशाई

नमस्कार. इथे मी वाचत असते बरीच, लिहिते कमी. आज लिहावं लागतंय.

आई जाऊन अकरा दिवस झाले. तिसाव्या दिवशी तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, आहे. फादर म्हणाले, "प्रवचन मी करीन. प्रभुभोजनानंतरची प्रार्थना झाली की घरातल्या एकानं बोलायचं. चार मिनिटं, जास्त नको." भावानं लगेच माझं नाव सांगितलं.

गेल्या तीन रात्री बसून दोन पानं लिहिली. प्रेमळ होती, कष्टाळू होती, श्रद्धाळू होती, शिक्षिका म्हणून आदर्श होती. काल ती पानं मोठ्यानं वाचून पाहिली आणि हातातून खाली ठेवली. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण नाव बदललं तर ते कुणाच्याही आईला लागू पडेल. माझी आई त्यात कुठेच नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा वेळी बोललं असेल, किंवा कुणाचं बोलणं ऐकून लक्षात राहिलं असेल, तर सांगा.

तिच्याबद्दल थोडं सांगते. चौतीस वर्षं गणित शिकवलं. रोज पहाटेची मिस्सा, मग शाळा. रात्री जेवणं उरकली की रोझरी, म्हणजे जपमाळेवरची मरियामातेची प्रार्थना. आम्ही दोघं भावंडं तिच्या शेजारी पेंगत बसायचो. बाबा लवकर गेले, म्हणून घरात तिघंच.

घंटानाद

ताई, प्रभू तुमच्या आईला चिरशांती देवो. मी आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं वाचन करतो, त्यामुळे अशी बोलणी पुष्कळ ऐकली आहेत.

फादरांनी चार मिनिटं का दिली ते आधी सांगतो, म्हणजे मनावरचं ओझं थोडं हलकं होईल. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन असावं, पण मृताची स्तुती करणारं भाषण त्या जागी नसावं, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. कारण ती मिस्सा तिच्या गुणांचा सत्कार नसते. आपण तिच्यासाठी देवाकडे दया मागत असतो आणि पुनरुत्थानावरचा विश्वास कबूल करत असतो. घरच्या कुणी दोन शब्द बोलायचे तर ते प्रभुभोजनानंतरच्या प्रार्थनेनंतर, अंतिम निरोपाच्या आधी. तुमची तिसाव्या दिवसाची मिस्सा आहे, पण फादरांनी तीच शिस्त ठेवलेली दिसते.

म्हणजे ती सगळ्यांत चांगली होती हे सिद्ध करायचं काम तुमच्याकडे नाहीच. तुम्ही फक्त ती कशी होती ते सांगा.

खडूफळा

बाळा, मी निवृत्त शिक्षिका आहे. तुझ्या आईच्याच पिढीची असेन कदाचित. तू दिलेल्या सगळ्या माहितीत मला एकच वाक्य जिवंत वाटलं, तिच्या शेजारी पेंगत बसायचो ते. तिथूनच सुरू कर ना. पेंगत असताना कानावर काय पडायचं?

निळीशाई

खडूफळा काकू, तुम्ही विचारलंत आणि डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं.

कानावर नावं पडायची.

रोझरीत पाच दशकांचे, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या गटांचे, पन्नास आणि सुरुवातीचे तीन, असे त्रेपन्न मणी 'नमो मरिया' या प्रार्थनेचे असतात. शाळेत तिच्या वर्गाचा पट साधारण तेवढाच असायचा. ती प्रत्येक मण्यावर एका मुलाचं नाव घ्यायची. आधी नाव, मग नमो मरिया. हजेरी घेतात त्याच क्रमानं, आडनावासकट. वही समोर नसायची, सगळं पाठ. एका वर्षी पट एकसष्टवर गेला. त्या वर्षी उरलेल्या आठ मुलांसाठी ती माळ परत पहिल्यापासून धरायची, आणि आम्हाला झोपायला अजून उशीर व्हायचा.

सहावीत मी तिच्याच वर्गात होते. हजेरी क्रमांक तेवीस. घरात मी तिची लेक, पण तेविसाव्या मण्यावर माझं नाव यायचं ते बाकीच्यांसारखंच, पूर्ण, आडनावासकट. तेव्हा मला राग यायचा. वाटायचं, निदान देवापुढे तरी मला वेगळं काढ.

प्रत्येक दशकाला येशूच्या जीवनातला एक प्रसंग मनात आणतात, त्याला रहस्य म्हणतात. २००२ च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची रहस्यं नव्यानं जोडली. कित्येक वयस्क मंडळींना ती पाठ व्हायला वेळ लागला. आईनं आठवड्याभरात पाठ केली आणि आम्हाला म्हणाली, "अभ्यासक्रम बदलला की पहिली तयारी बाईंची हवी."

रानपाखरू

हे वाचून अंगावर काटा आला. निळीशाई, हेच बोल. आणखी काही शोधूच नकोस.

अनामवाट

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहिते. दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. शोकसभेत मी बोलले, सगळं छान छान बोलले. नंतर घरी आल्यावर मावशी म्हणाली, "बोललीस चांगलं, पण ती अशी नव्हती गं." ते वाक्य अजून टोचतं. माझी आई तापट होती, अबोला धरायची, आणि त्या अबोल्यातूनही तिचं प्रेम कळायचं. ते मी लपवलं आणि तिला एका फोटोत बसवून टाकलं.

तुझ्या रागाचंही बोल. म्हणजे ती कुणाला दुखवू शकत होती हेसुद्धा.

कौलारू

अनामवाट, आदर राखून सांगतो, मला हे पटत नाही. गेलेल्या माणसाचं उणं काढू नये. तेही चर्चमध्ये, वेदीसमोर? घरच्यांनी आपल्या मनात ठेवावं.

घंटानाद

कौलारू, तुमचा मुद्दा समजतो. पण आमच्या परंपरेत आईच्या स्मरणाचं सर्वांत जुनं आणि गाजलेलं उदाहरण आहे, त्यात नेमकं उलट केलेलं आहे.

संत मोनिका आणि तिचा मुलगा संत ऑगस्टीन. ३८७ साली घरी, आफ्रिकेला परतायच्या वाटेवर मोनिका रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आजारी पडली आणि नवव्या दिवशी गेली. ती छप्पन्नाव्या वर्षात होती, मुलगा तेहतिसाव्या. पुढे दहाएक वर्षांनी त्यानं आत्मकथन लिहिलं, त्याच्या नवव्या भागात आईच्या आठवणी आहेत. तिथे तो सांगतो की लहानपणी तिला कोठीतून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. ती आधी एक घोट घ्यायची, मग हळूहळू पेलाभर प्यायला लागली. एकदा भांडणात घरच्या दासीनं तिला दारुडी म्हटलं, ते इतकं झोंबलं की तिनं ती सवय तिथल्या तिथे सोडली. ज्या आईला पुढे जग संत मानणार होतं, तिच्याबद्दल मुलगा हे लिहितो, आणि वाचताना तिची उंची कमी होत नाही. उलट ती माणूस म्हणून भेटते.

आणखी एक. शेवटच्या आजारात मोनिका मुलांना म्हणाली की देह कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. एवढंच करा, जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. आधी तिला आपल्या गावी, नवऱ्याशेजारी पुरलं जावं असं वाटे, ते तिनं सोडून दिलं. निळीशाई ताईंच्या घरची मिस्सा म्हणजे तेच, वेदीपाशी आठवण.

(तिच्या समाधिलेखाच्या शिळेचा एक तुकडा १९४५ मध्ये ओस्तियात सापडला. मला त्याचं फार अप्रूप आहे, म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

कौलारू

हे माहीत नव्हतं. विचार करतो.

रानपाखरू

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाची (मदर तेरेसा नव्हे) आई, झेली मार्टिन, हीसुद्धा अशीच आठवते. लेस विणवून घेण्याचा धंदा सांभाळणारी, नऊ मुलांची आई, त्यातली चार लहानपणीच गेली. १८७७ मध्ये कर्करोगानं वारली. तिची दोनशेहून अधिक पत्रं उरली आहेत, आणि त्यांत कामाचा थकवा, पोरींची आजारपणं, मधल्या लेओनीला शाळेत टिकवायची काळजी, असलंच सगळं आहे. २०१५ मध्ये तिला आणि तिच्या नवऱ्याला एकाच वेळी संतपद मिळालं. आपल्याला ती कळते ती पत्रांतल्या रोजच्या कटकटींमुळे.

निळीशाई

चार दिवस इथे आले नाही. कारण सांगते, आणि तुमचा सल्ला हवा आहे. नीट वाचा, कारण मला स्वतःलाच अजून धड कळलेलं नाही.

आधी सहावीची गोष्ट. सहामाहीला गणिताचा पेपर पन्नासाचा होता. तिनं वर्गात गुण वाचले, मला एकतीस. पेपर हातात आला तेव्हा पाहिलं तर पुरवणीवरच्या उदाहरणाचे तीन गुण बेरजेत धरलेलेच नव्हते. गुण समासात लाल शाईनं दिलेले, पण पहिल्या पानावरच्या बेरजेत आलेले नाहीत. मी उठून बाकापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, माझे चौतीस होतात." शाळेत तिला बाईच म्हणायचं असा नियम होता. तिनं पेपर घेतला, पुरवणी उलटून पाहिली, आणि परत दिला. "खाली बस. निकाल वाचून झालाय."

घरी मी रडले. ती म्हणाली, "बाईंनी लेकीचे गुण वाढवले असं कुणी म्हटलं तर?" बस, एवढंच. नंतर हा विषय घरात कधी निघाला नाही. मी मात्र तो तीस वर्षं धरून ठेवला. पुढे मी गणित सोडलं, त्याला कारणं बरीच होती, पण मनात मी ते त्या तीन गुणांवरच लिहून टाकलं होतं.

आता परवाचं. तिच्या प्रार्थनापुस्तकाच्या कपाटात एक छोटी वही सापडली. उपवासकाळात पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपाशी आपली पापं कबूल करायला, जाण्याआधी ती आत्मपरीक्षण करून मुद्दे लिहायची, त्याची. हे कळायच्या आत मी मधलंच एक पान उघडलं होतं. त्यावर वर्ष होतं, खाली चार-पाच ओळी, आणि शेवटची ओळ, "लेकीचे ३ गुण." ते वर्ष मी नोकरीला लागले तेव्हाचं होतं. म्हणजे घटनेनंतर बारा-तेरा वर्षांनी.

मी वही मिटली. पण पान मिटायच्या आधी समोरच्या पानावरही तीच शेवटची ओळ दिसली.

आता ही वही माझ्यापुढे आहे. पूर्ण वाचू? हे चर्चमध्ये सांगू? भाऊ म्हणतो सांग, याहून मोठं काय असणार.

घंटानाद

ताई, नका वाचू. आणि वहीबद्दल चर्चमध्ये बोलू नका.

पापनिवेदनाचं गुपित धर्मगुरूवर पूर्णपणे बंधनकारक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेचं ९८३ वं कलम पुढेही जातं: दुभाषी असेल तर तो, आणि पापनिवेदनातून कुणाचं पाप कोणत्याही प्रकारे कळलेला दुसरा कुणीही, त्यानंही ते गुप्त ठेवायचं असतं. आधी घरी लिहिलेली टिपणं त्यात तंतोतंत बसतात का, यावर जाणकार चर्चा करतील. मला त्या चर्चेत पडायचं नाही. ती वही तिनं देवापुढे उभं राहण्यासाठी लिहिली होती, तुमच्यासाठी नाही. एवढं पुरे.

मात्र सहावीच्या वर्गात जे घडलं ते तुमचं आहे. ते तुम्ही वहीशिवायही जाणत होतात. ते सांगायला कुणाची आडकाठी नाही.

अनामवाट

वाचू नकोस. माझ्या आईची अशी वही सापडली असती तर मी वाचली असती आणि आयुष्यभर पस्तावले असते, असं मला आत्ता पक्कं वाटतंय.

खडूफळा

बाळा, आज मी रडले. शिक्षिका म्हणून काही सांगते, ते ऐक.

पन्नास-साठ पेपर रात्री तपासायचे, तेव्हा चुका उत्तरं तपासण्यात फारशा होत नाहीत, बेरजेत होतात. पान उलटताना उपप्रश्नाचे गुण राहतात. आणि पुरवणी तर हमखास राहते, कारण ती मागे बांधलेली असते. प्रत्येक शिक्षकाच्या हातून हे होतं. चूक होणं वेगळं, आणि चूक दिसल्यावर ती न सुधारणं वेगळं. तुझ्या आईला कशाचा त्रास होत राहिला असेल ते मला कळतं. बेरजेचा नाही गं. "खाली बस" याचा.

आता मला एक विचारायचंय. त्यानंतर तिच्या वर्गात पेपर वाटायची पद्धत बदलली का? आठवून बघ.

निळीशाई

काकू, तुम्हाला हे कसं सुचलं?

बदलली होती. मी सातवीत गेले तेव्हापासून माझे पेपर तिनं कधीच तपासले नाहीत, दुसऱ्या बाईंकडे द्यायची, ते ठाऊक होतं. पण तुमचा प्रश्न वाचून मी माझ्यामागून तिच्या वर्गात शिकलेल्या मामेबहिणीला फोन केला. ती पटकन म्हणाली, "आत्याची ती दहा मिनिटं?"

पेपर वाटले की आई घड्याळ लावून दहा मिनिटं द्यायची. प्रत्येकानं आपली बेरीज स्वतः करायची, पुरवणी उलटून बघायची, मग शेजाऱ्याची करून द्यायची. चूक निघाली तर हात वर करायचा, आणि ती सगळ्यांसमोर लाल पेनानं आकडा खोडून नवा लिहायची, बाजूला सही करायची. ती दहा मिनिटं झाल्याशिवाय गुण वहीत चढवायचे नाहीत, निकाल वाचायचा नाही. मामेबहीण म्हणाली, आम्हाला वाटायचं गणिताच्या बाई आहेत, बेरजेचा सराव करून घेतात.

तिनं ती पद्धत निवृत्तीपर्यंत चालवली. म्हणजे किमान वीस वर्षं.

मला कुणी कधी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही.

खडूफळा

मला सुचलं कारण मीही एकदा अशीच एक पद्धत सुरू केली होती. का सुरू केली ते कुणाला सांगितलेलं नाही.

घंटानाद

ताई, एक जोडतो. पापनिवेदनात क्षमा मिळाली की मिळाली, तेच पाप दर वर्षी पुन्हा सांगायची गरज नसते. फादरांनी त्यांना हे नक्कीच सांगितलं असणार. पण आमच्या धर्मशिक्षणात आणखी एक गोष्ट शिकवतात. क्षमेनं पाप जातं, त्यानं झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही. शक्य तितकी भरपाई आपण करायची असते. चोरलेलं परत द्यायचं, कुणाचं नाव बदनाम केलं असेल तर ते सावरायचं. तुमचे तीन गुण परत देता येण्याजोगे उरले नव्हते. त्यांनी ते पुढची वीस वर्षं आपल्या वर्गातल्या मुलांना दिले असं मला दिसतं.

शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल हे आपल्या शिक्षकांना सांगत की मुलांना नुसतं शिकवू नका, त्यांच्यासाठी प्रार्थनाही करा. १९५० साली त्यांना तो मान मिळाला. तुमच्या आईनं ते त्रेपन्न मण्यांवर शब्दशः पाळलं.

कौलारू

माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. तीन गुणांचं सांगा. दहा मिनिटांचं सांगा. वहीचं नको.

निळीशाई

धागा वर काढतेय. काल मिस्सा झाली.

लिहिलेली दोन पानं नेलीच नाहीत. उभी राहिले आणि सांगितलं की माझी आई रोझरीच्या मण्यांवर हजेरी घ्यायची. मग सांगितलं की तिनं मला एकदा तीन गुण कमी दिले आणि खाली बसवलं. चर्चमध्ये थोडी कुजबूज झाली. मग दहा मिनिटांचं सांगितलं. त्यातल्या कितीतरी लोकांनी आपल्या बेरजा त्या दहा मिनिटांत तपासल्या होत्या. पुढच्या बाकांवरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, त्यांनाही कारण आत्ताच कळत होतं. वहीचा उल्लेख केला नाही. शेवटी एवढंच म्हणाले की तिच्यासाठी प्रार्थना करा, तिला ती हवी आहे, ती तुमच्यासाठी करत होती.

साडेतीन मिनिटं झाली असं भाऊ म्हणाला.

वही मी आणि भावानं न उघडता जाळली. आधी फादरांना विचारलं होतं.

मामेबहिणीनं मला तिच्या वर्गातल्या आठवतील तेवढ्यांची नावं लिहून दिली, पंधराच आठवली तिला. मला माझ्या वर्गातली एकोणीस आठवतात. आईची माळ आता माझ्याकडे आहे. रात्री धरते, पण नावं संपतात आणि मणी उरतात. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ज्यांची नावं येत नाहीत त्यांना क्रमांकानं म्हण, आईला चालेल.

सध्या तसंच करतेय. एकवीस, नमो मरिया. बावीस, नमो मरिया. तेवीसला काल जरा थांबले. मग चोवीस.